पडद्यावरचे लेकरू आणि दारातले लेकरू

२०२२ सालच्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियात एक नवल घडले. ई.एन.ए. नावाच्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या एका लहानशा केबल वाहिनीवर २९ जून रोजी एक मालिका सुरू झाली. पहिल्या भागाला जेमतेम ०.९ टक्के प्रेक्षक लाभले. १८ ऑगस्ट रोजी सोळावा आणि अखेरचा भाग दाखविण्यात आला, तेव्हा तोच आकडा साडेसतरा टक्क्यांवर जाऊन पोहोचला होता. 'एक्स्ट्राऑर्डिनरी ॲटर्नी वू' हे त्या मालिकेचे नाव. नेटफ्लिक्सच्या वाटेने ती देशोदेशी गेली आणि आमच्या धर्मग्रामातील घरांतही शिरली. ज्या आजीबाईंना पडद्याखालची अक्षरे वाचवत नाहीत, त्यांनाही नातवंडांनी ती कथा समजावून सांगितल्याचे आमच्या कानावर आहे. मालिका कशी आहे, हे सांगण्यासाठी आम्ही ही लेखणी उचललेली नाही. ती पाहून माणसे जे बोलली, त्यात एक जुना आणि अवघड नैतिक प्रश्न दडलेला आहे. त्याविषयी वाचकांशी थोडा विचारविनिमय करावा, एवढाच आमचा मानस आहे.

प्रथम कथेचा परिचय. वू यंग-वू ही सत्तावीस वर्षांची तरुणी सोल येथील 'हानबादा' नामक एका बड्या वकिली कंपनीत रुजू होते. तिला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम आहे. सोल राष्ट्रीय विद्यापीठात तिने कायद्याच्या परीक्षेत पहिला क्रमांक पटकावला आहे आणि कायद्याची कलमे तिला मुखोद्गत आहेत. परंतु गोंगाट, झगझगीत प्रकाश आणि अनोळखी स्पर्श तिला सोसवत नाहीत. ती कानांवर हेडफोन लावून आगगाडीत बसते. जेवणात तिला किंबाप, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापडीत गुंडाळलेला भात लागतो. कारण त्यात काय काय घातले आहे ते उघड दिसते, घास घेताना दगाफटका होत नाही. देवमासा हा तिच्या मनाचा विसावा. कचेरीच्या पहिल्याच दिवशी ती फिरत्या काचेच्या दरवाजापाशी अडखळते. सारे जग ज्या लयीत आत-बाहेर करते, ती लय तिच्या पायांना गवसत नाही. पुढे एक सहकारी तिला नाचाचा ताल शिकवतो, एक-दोन-तीन, आणि त्या तालावर ती दार ओलांडते. संपूर्ण मालिकेत आम्हाला सर्वांत अर्थपूर्ण वाटलेला प्रसंग हाच. दार तेच राहिले, वूही तीच राहिली. दोघांच्या मध्ये एक माणूस येऊन उभा राहिला, एवढेच.

जाता जाता एक गंमत. आपले नाव उलटसुलट कसेही वाचले तरी तेच राहते, हे ती प्रत्येकाला सांगते आणि आपल्याकडील 'नयन', 'कनक' यांसारखे कोरियन शब्द एका दमात म्हणून दाखवते. त्या यादीत 'इन्दोइन' हा एक शब्द आहे. त्याचा अर्थ, भारतीय माणूस! इंग्रजी उपशीर्षकांत तो गळाला, त्यामुळे आपल्या बहुतेक प्रेक्षकांच्या तो लक्षात आलेला नाही.

स्वमग्नता या शब्दावरही घटकाभर थांबले पाहिजे. कोरियन भाषेत 'जापे' म्हणतात, म्हणजे स्वतःला कोंडून घेणे. ग्रीक मुळातही 'स्वतः' हाच भाव आहे आणि आपण मराठीत 'स्व'मध्ये मग्न म्हणतो. तिन्ही शब्द बाहेरून पाहणाऱ्यांनी घडविले आहेत. ज्याला जगाचा आवाज असह्य होतो म्हणून तो कानांवर हात ठेवतो, त्याला आपण स्वतःत मग्न झालेला म्हणावे, यात थोडा अन्याय आहे. शब्द रुळला आहे म्हणून आम्हीही तो वापरतो. पण त्यावर विसंबून कुणी निवाडा करू नये.

आता प्रेक्षकांकडे वळू. पहिली आणि सर्वांत मोठी प्रतिक्रिया होती निखळ प्रेमाची. वू सर्वांची लाडकी झाली. तिची चाल, तिचे किंबाप, तिचे देवमासे यांचे लोकांना वेड लागले. भूमिका करणारी पार्क उन-बिन हिला २०२३ साली बेकसांग सोहळ्यात दूरदर्शन विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. आम्हाला या प्रेमाची टिंगल करावयाची नाही. ज्या विषयावर घराघरांत मौन होते, त्या विषयावर जेवणाच्या टेबलाशी बोलणे सुरू झाले, हे काही थोडेथोडके कार्य नव्हे. पण प्रश्न उरतोच: हे प्रेम कोणावर? वू नावाच्या मुलीवर, की तिच्या अलौकिक बुद्धीवर? तिला कलमे पाठ नसती, एकही खटला तिने जिंकला नसता, तर तिच्या अडखळण्याचे कुणाला कौतुक वाटले असते काय?

असे विलक्षण कौशल्य स्वमग्न व्यक्तींमध्ये अंदाजे दहातील एकाच्या वाट्याला येते, असे या विषयाचे अभ्यासक डॉ. डॅरोल्ड ट्रेफर्ट सांगत असत. वूसारखी सर्वांगीण झेप तर त्याहूनही विरळा. १९८८ साली 'रेन मॅन' हा अमेरिकन चित्रपट आला, तेव्हापासून स्वमग्न माणूस म्हणजे आकड्यांचा जादूगार, अशी एक समजूत जगभर रूढ झाली. गंमत अशी, की त्या कथेला ज्याच्यावरून स्फूर्ती मिळाली त्या किम पीक या गृहस्थाला स्वमग्नता नसून मेंदूची वेगळीच जन्मजात अवस्था होती, असे पुढे तज्ज्ञांचे मत झाले. चित्रपटाने एक गैरसमज दूर केला आणि दुसरा दारात आणून बसवला.

त्या गैरसमजाचा भार कोण वाहतो? आई-वडील. कोरियातील अनेक पालकांनी मालिका सुरू असतानाच आपल्या मनातील ओढाताण बोलून दाखविली. आपल्या मुलाविषयी लोक प्रथमच आपुलकीने विचारपूस करू लागले, याचा आनंद त्यांना होता. आणि 'तुमचा मुलगा कशात हुशार आहे?' हा त्या विचारपुशीतला पहिला प्रश्न असे, याचे दुःखही होते. आमच्या परिचयाची एक माता आहे. तिचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याला पाच-सहा शब्द बोलता येतात आणि शर्टाची बटणे अजून आईच लावते. त्या बाईंनी ही मालिका तिसऱ्या भागापर्यंत पाहिली आणि बंद केली. आम्ही कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "फादर, ती पोर गोड आहे. पण तिला पाहिल्यावर माझी बहीण मला म्हणाली, आपल्या बाळालाही काहीतरी येत असेल, तू शोधत नाहीस. आता सांगा, मी आणखी काय शोधू?"

त्यांनी मालिका तिसऱ्या भागाशी सोडावी, हा योगायोग आहे की नाही, आम्हाला ठाऊक नाही. कारण लेखिका मून जी-वन यांनी स्वतःच्याच कलाकृतीवरचा आक्षेप त्या भागात मांडून ठेवला आहे. तेथे एक तरुण आरोपी आहे. त्यालाही स्वमग्नता आहे, परंतु वूसारखी नाही; त्याला नीट बोलता येत नाही, आवेग आवरत नाही, पेंगसू नावाच्या पेंग्विनच्या गाण्याखेरीज कशातही त्याचे मन रमत नाही. त्याचा थोरला भाऊ वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी, घराण्याचा अभिमान. तो मरण पावतो आणि धाकट्याने त्याला मारहाण करून ठार केले, असा आरोप येतो. वस्तुतः थोरला जीव द्यायला निघालेला असतो आणि धाकटा त्याला वाचविण्यासाठी झगडत असतो. पण ते सांगायला त्याच्यापाशी शब्द नाहीत. वू त्याची वकील होते. मुलाची आई वूकडे पाहते, आणि त्या पाहण्यात असूया आहे, आशा आहे, लाजही आहे. दोघांचे निदान एकच. मग ही अशी आणि माझा मुलगा तसा का? त्या एका दृष्टिक्षेपासाठी आम्ही लेखिकेला नमस्कार करतो.

न्यायालयात पुढे जे घडते ते अधिक भेदक आहे. आरोपी स्वमग्न असल्याने त्याची आकलनशक्ती दुर्बळ आहे, असा बचावपक्षाचा युक्तिवाद असतो. सरकारी वकील उठून विचारतो: मग वकीलबाईही स्वमग्न आहेत, त्यांची बुद्धी दुर्बळ म्हणायची काय? एका घावात दोन्ही बाजू कापल्या जातात. वू समर्थ असेल तर तो तरुण सवलतीस अपात्र ठरतो; त्याला सवलत हवी असेल तर वू वकिलीस अपात्र ठरते. अखेर मुलाच्या वडिलांच्या आग्रहावरून तिला त्या खटल्यातून बाजूला व्हावे लागते आणि ती राजीनामा लिहिते. असामान्य मुलगी सामान्य मुलाच्या विरुद्ध पुरावा म्हणून कशी वापरली जाते, हे याहून स्पष्टपणे दाखविता आले नसते. डॉक्टर होणारा मुलगा गेला आणि स्वमग्न मुलगा उरला हे देशाचे नुकसान झाले, अशा मजकुराला शेकडो लोक पसंती देतात, याचा उल्लेखही त्याच भागात येतो. तो उल्लेख कल्पित कथेतला आहे. परंतु असे लिहिणारे हात कल्पित नाहीत, हे प्रेक्षकांना कळले, आणि त्या भागानंतर चर्चेचा सूर बदलला.

त्याच भागात वू हान्स ॲस्पर्गर यांचे नाव घेते. या व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञाने १९४४ साली काही बुद्धिमान परंतु एकलकोंड्या मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या आदल्या वर्षी, १९४३ साली, अमेरिकेत लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे वर्णन केले होते. ॲस्पर्गर यांनी आपल्या मुलांना 'छोटे प्राध्यापक' म्हटले आणि ही मुले समाजाच्या उपयोगी पडू शकतात असे आवर्जून सांगितले. नाझी राजवटीत मुलांना वाचविण्यासाठी त्यांनी असे लिहिले, असा समज बराच काळ होता. २०१८ साली इतिहासकार हेरविग चेक यांनी कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले, की ज्यांच्याकडून उपयोगाची आशा नव्हती अशा काही मुलांना याच डॉक्टरांनी 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेकडे पाठविण्याची शिफारस केली होती. त्या संस्थेत सुमारे ८०० मुले मारली गेली. ॲस्पर्गर हे कॅथलिक होते, हेही येथे लपविण्याचे कारण नाही.

अर्थात कॅथलिक होते तसे जर्मनीतील मुन्स्टरचे बिशप फॉन गालेन हेही होते. ३ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांनी प्रवचनपीठावरून त्या हत्यांचा जाहीर निषेध केला. त्यांच्या प्रतिपादनाचा रोख असा होता, की अनुत्पादक म्हणून माणसाला मारण्याचा अधिकार एकदा मान्य केला, की म्हातारपणी आपणा सर्वांचीच पाळी येणार. एकाच पवित्र पाण्याने बाप्तिस्मा घेतलेली ही दोन माणसे. एकाने मुलांची विभागणी केली. दुसऱ्याने ती विभागणी करण्याचा अधिकारच नाकारला. उपयुक्ततेची फूटपट्टी एकदा हाती घेतली, की ती कौतुकासाठी घेतली की कत्तलीसाठी, हा फरक आपण समजतो तितका मोठा राहत नाही. वूचे कौतुक करणारा प्रेक्षक क्रूर आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्याने हाती घेतलेली फूटपट्टी कोणती, एवढेच त्याने एकदा उलटून पाहावे.

कोरियातील आयांची आणखी एक हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. रॉय रिचर्ड ग्रिंकर नावाचे एक अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आहेत. त्यांची स्वतःची मुलगी स्वमग्न आहे. कोरियात अभ्यास करताना त्यांना आढळले, की तेथील कित्येक माता आपल्या मुलाला स्वमग्नता आहे असे म्हणण्याऐवजी, आईच्या मायेच्या अभावी निर्माण होणारा विकार आहे, असे निदान पसंत करीत. म्हणजे दोष आपल्या अंगावर घेत! कारण स्वमग्नता म्हटली की ती रक्तातली मानली जाणार आणि मग भावंडांची लग्ने अडणार, घराण्याला बट्टा लागणार. आई वाईट ठरली तर एकटी आईच वाईट ठरते. पाश्चात्त्य देशांतही १९५० आणि १९६० च्या दशकांत आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, असा सिद्धान्त मोठमोठे विद्वान मांडीत. तो आता पूर्णपणे टाकून दिलेला आहे. पण कोरियन आईने तो जाणूनबुजून पांघरला, ढालीसारखा. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला. दोन हजार वर्षांनी सोलमध्ये, आणि आमच्या येथेही, तो प्रश्न विचारला जातोच. फक्त 'पाप' या शब्दाच्या जागी दुसरे शब्द येतात.

ग्रिंकर यांचा सहभाग असलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सोलजवळच्या गोयांग शहरातील ७ ते १२ वर्षे वयाच्या मुलांपैकी २.६४ टक्के मुलांमध्ये स्वमग्नता असल्याचा अंदाज निघाला. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश मुले सर्वसाधारण शाळांत शिकत होती. त्यांचे ना निदान झाले होते, ना त्यांना कसली मदत मिळत होती. म्हणजे वू पडद्यावर अवतरण्यापूर्वीपासून ती मुले वर्गात बसलेलीच होती.

आता दुसऱ्या एका प्रतिक्रियेकडे येऊ, जिने आम्हाला सर्वांत जास्त विचार करावयास लावले. मालिकेत क्वॉन मिन-वू नावाचा एक तरुण वकील आहे. वूला सगळे सांभाळून घेतात, तिच्या चुकांवर पांघरूण घालतात, मग दुर्बळ कोण, ती की आम्ही, असा त्याचा सवाल असतो. शिवाय तिची नेमणूक वडिलांच्या ओळखीतून झाली, हे त्याला कळते आणि तो कंपनीत निनावी तक्रार चिकटवतो. लेखिकेने त्याला खलनायकाच्या अंगरख्यात उभे केले. परंतु कोरियातील काही तरुण प्रेक्षकांना त्याचे म्हणणे पटले! त्यांचा राग समजून घेतला पाहिजे. त्या देशात महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेच्या दिवशी इंग्रजी श्रवणाची चाचणी चालू असताना विमानांची उड्डाणेही थांबविली जातात. जेथे एका गुणासाठी अवघे बालपण वेचलेले असते, तेथे 'सर्वांना सारखाच नियम' हे धर्मवचनच होऊन बसते.

क्वॉनचा हिशेब चुकीचा आहे, असे म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यातही सकाळपासून राबलेल्यांचा हिशेब बिनचूकच होता: आम्ही दिवसभर ऊन सोसले, हे तासाभरापूर्वी आले, मजुरी मात्र सारखीच. ते खोटे बोलत नव्हते. त्यांना दिसले नव्हते ते एवढेच, की उरलेले मजूर दिवसभर चौकात उभे होते, कारण त्यांना कुणी कामावर लावलेच नव्हते. वूचेही तेच. परीक्षेत पहिली आलेल्या या मुलीला सहा महिने एकाही कंपनीने बोलावले नव्हते. ही गोष्ट छोई सू-यन ही सहकारी मैत्रीण क्वॉनला सुनावते. शर्यत सरळ आहे की नाही, हे धावपट्टीवर उभे राहिलेल्यांनीच ठरवायचे, आणि ज्यांना मैदानाच्या दारातूनच परत पाठविले त्यांचा त्यात आवाज नाही, अशी ही रीत आहे. कोरियात ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनी ३.१ टक्के जागा अपंग व्यक्तींना द्याव्यात असा कायदा आहे. अनेक मोठ्या कंपन्या माणूस घेण्यापेक्षा ठरलेली रक्कम भरणे पसंत करतात. आपल्याकडे १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. तो २०१६ च्या कायद्याने आला. क्वॉनच्या बाजूने बोलणाऱ्या तरुणांनी या आकड्यांकडेही नियमाच्याच निष्ठेने पाहावे.

भूमिका कोणी करावी, यावरही बरीच चर्चा झाली. पार्क उन-बिन यांना स्वतःला स्वमग्नता नाही. त्यांनी प्रथम ही भूमिका स्वीकारण्यास अनमान केला होता, आणि कुणा प्रत्यक्ष व्यक्तीची नक्कल करावयाची नाही असे ठरवूनच पुढे त्या कामाला लागल्या. तरीही काही मुलांनी गमतीखातर वूच्या चालीची नक्कल करणाऱ्या चित्रफिती काढल्या आणि त्यावरून वाद माजला. त्याच वर्षी 'अवर ब्लूज' या मालिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या चित्रकार जंग उन-हे यांनी तशाच तरुणीची भूमिका स्वतः केली होती. तिला वूइतके वेडे प्रेम मिळाले नाही. तिच्याकडे पाहताना प्रेक्षकाला थोडे अवघडायला होते आणि ते अवघडणेच बहुधा अधिक खरे होते.

दहाव्या भागाविषयी मात्र आम्ही सावधपणे बोलू. बौद्धिक अक्षमता असलेल्या एका तरुणीशी संबंध ठेवल्याबद्दल एका माणसावर खटला चालतो. आई म्हणते, माझ्या मुलीला फसवले. मुलगी म्हणते, माझे त्याच्यावर प्रेम आहे. अपंग व्यक्तीलाही वाईट माणसावर प्रेम करण्याचे स्वातंत्र्य आहे, असा वूचा विचार. हे वाक्य तरुणांना फार आवडले. कबुलीच्या खिडकीशी आणि विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या खोलीत अनेक वर्षे बसल्यावर आमचा कल आईकडे आहे, हे आम्ही लपवीत नाही. पण त्या आईलाही विचारावेसे वाटते: मुलीचे रक्षण करताना तिने मुलीला एकदा तरी पुरते बोलू दिले काय? करुणा पुष्कळदा दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवूनच त्याला कुरवाळते.

आणि आता तो प्रसंग, ज्याचा या मालिकेशी थेट संबंध नाही, परंतु कोरियातील चर्चेत जो अपरिहार्यपणे आठवतो. सोलच्या गांगसो विभागात अपंग मुलांसाठी विशेष शाळा व्हावयाची होती. स्थानिक रहिवाशांना त्या जागी रुग्णालय हवे होते, शाळा नको होती. सप्टेंबर २०१७ मध्ये भरलेल्या सभेत विरोधाचा गदारोळ उठला, तेव्हा मुलांच्या आया पुढे आल्या आणि सर्वांसमक्ष जमिनीवर गुडघे टेकून बसल्या. शाळा द्या, मग आम्हाला हवे ते बोला, असे त्यांचे मागणे होते. ते छायाचित्र देशभर गाजले. सोजिन शाळा अखेर २०२० साली सुरू झाली. मालिका पाहून डोळे पुसणाऱ्यांत त्या सभेत ओरडणारेही असतीलच. माणसाचे मन एवढे विस्तीर्ण आहे.

वू लोकप्रिय होत होती, त्याच महिन्यांत सोलच्या भुयारी रेल्वेत अपंग नागरिकांचे आंदोलन चालू होते. २००१ साली ओइदो स्थानकात व्हीलचेअरची लिफ्ट कोसळून एक वृद्धा मरण पावली, तेव्हापासून प्रवासाच्या हक्काची ही मागणी सुरू आहे. डिसेंबर २०२१ पासून आंदोलक ऐन गर्दीच्या वेळी गाड्यांत चढून गाड्या रोखू लागले आणि कामावर जाणाऱ्यांनी त्यांना शिव्या घातल्या. त्या शिव्या देणाऱ्यांची अडचण खरी होती, हेही मान्य केले पाहिजे. उशीर झाला की त्यांचाही पगार कापला जातो. परंतु रात्री वूसाठी हळवे होणारे आणि सकाळी व्हीलचेअरवरच्या माणसावर खेकसणारे हेच ते लोक, अशी तुलना तेथील लोकांनी स्वतःच केली. आणि मालिका सुरू होण्यापूर्वी महिनाभर, मे २०२२ मध्ये, सोल आणि इंचॉन येथे एकाच दिवशी दोन मातांनी आपल्या अपंग मुलांसह जीवन संपविण्याचा मार्ग धरला. पालकांच्या संघटनेने रेल्वे स्थानकात त्यांच्यासाठी स्मृतिवेदी मांडली. 'माझ्यामागे याचे कसे होईल' हा प्रश्न आमच्या मातांच्या ओठीही असतो. आपल्या देशात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये सज्ञान स्वमग्न व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो आणि जिल्ह्याची स्थानिक समिती ते काम पाहते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी अवश्य चौकशी करावी. अर्ज लिहून देण्यास आम्ही तयार आहोत.

मालिकेच्या सातव्या-आठव्या भागांत एक प्रचंड वृक्ष येतो. रस्त्यासाठी गाव उठू नये म्हणून त्याच्या आधारे गावकरी लढतात. चांगवॉन शहराच्या हद्दीतील एका खेड्यात तो वृक्ष खरोखर उभा आहे. वय सुमारे ५०० वर्षे. मालिकेनंतर तेथे पाहुण्यांची रीघ लागली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. पाच शतके तो तेथेच होता. पडद्यावर आला आणि तीन महिन्यांच्या आत सरकारी संरक्षण मिळाले.

आमच्या धर्मग्रामात ही मालिका ज्यांनी पाहिली, त्यांत पॅरिश कौन्सिलचे काही सभासदही आहेत. मागील बैठकीत त्यांच्यापैकी एकाने, अगदी सद्भावनेने, एक सूचना मांडली. ज्यांची मुले मिस्साच्या वेळी ओरडतात वा हात फडफडवतात, अशा कुटुंबांसाठी चर्चच्या मागील बाजूस काचेची एक खोली करावी. आत ध्वनिक्षेपक लावावा, म्हणजे त्यांनाही प्रवचन ऐकू येईल आणि इतरांचाही भक्तिभंग होणार नाही. खर्चही देणगीतून करण्याची त्यांची तयारी आहे. वर उल्लेख केलेल्या मातेला आम्ही याविषयी विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "खोली बांधा फादर, वाईट नाही. आवाज असह्य झाला की बाळालाही तिथे बरं वाटेल. पण दार कुठल्या बाजूने उघडणार, आणि कडी कुठल्या बाजूला असणार, ते आधी ठरवा." खोलीचा नकाशा आमच्या टेबलावर आहे. त्यात कडी दाखविलेली नाही. पुढील बैठक आगमनकाळापूर्वीच्या रविवारी आहे आणि त्या बैठकीस या बाईंनीही यावे, असे आमंत्रण आम्ही त्यांना दिले आहे. मुलाला घरी ठेवायला कुणी नाही, म्हणून तोही येईल.